गढीचा पत्ता

व्यंकटी पवळेला आपलं नाव आवडत नसे. आईनं बालाजीला नवस बोलून ठेवलेलं नाव ते, पण नांदेडच्या एसी ऑफिसात कुणी 'व्यंकटी' अशी हाक मारली की त्याला आपण अजून गोठ्याच्या दारात शेणाची पाटी घेऊन उभे आहोत असं वाटायचं. म्हणून कार्डावर त्यानं छापून घेतलं होतं: 'व्ही. एस. पवळे, पूररेषा तज्ज्ञ'. शर्ट कडक इस्त्रीचा, गाडी पांढरी, आणि बोलणं इतकं शुद्ध की लोह्याच्या बसस्टँडवरचा चहावाला त्याला पुण्याचा पाहुणा समजून चहात साखर कमी टाकायचा. व्यंकटीला गोड चहा लागे. पण पुण्याचा समजला गेल्याच्या आनंदात तो तसाच कडवट चहा पिऊन टाकायचा.

पूररेषा तज्ज्ञ म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या टाकळगव्हाणात कुणाला धड ठाऊक नव्हतं. गाव लोहा तालुक्यातलं, सरवती नदीच्या काठचं. गावात नदीकडच्या गल्लीत त्याची आई गुणाबाई आणि थोरला भाऊ नरसिंग राहत. गुणाबाई विचारणाऱ्याला सांगे, "माझा व्यंका पाण्याचा हिशेब करतोय." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगा नळपट्टी वसूल करत असेल.

खरं तर धंद्याचं गुपित अगदी सोपं होतं. आकाशातून फिरणाऱ्या एका यानानं जमिनीची उंची मोजून ठेवलेली असते. सगळ्या मुलखाचे बारके बारके चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची लिहायची, की झाला उंचीचा नकाशा. मग संगणकाला विचारायचं: बाबा रे, वरच्या तलावात इतकं पाणी आहे, ते सगळं एकदम खाली आलं तर कुठवर पसरेल? संगणक सगळ्यात खोल चौकोन आधी भरतो, मग त्याहून जरा उंच, मग त्याहून उंच. पाणी संपलं की थांबतो. तो थांबला ती पूररेषा. हे सगळं खुर्चीतून न उठता होतं, आणि या कामातलं व्यंकटीला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते हेच.

लोह्यात त्यानं बंगला बांधला तेव्हा वास्तुशांतीच्या पंगतीत त्यानं ही विद्या गाववाल्यांना एकदा करून दाखवली होती. ताटात भात वाढला होता. त्यानं भाताचा एका बाजूला ढीग केला, बोटानं मधून एक चरी ओढली आणि वरणाची वाटी उचलली.

"हा ढीग म्हणजे आपली टाकळगव्हाणची गढी," तो म्हणाला. "ही चरी म्हणजे सरवती. आणि ही वाटी म्हणजे वरचा पाझर तलाव. वाटीत वरण किती आहे हे मला माहीत आहे. ताटाचा उंचसखलपणाही मला माहीत आहे. त्यामुळे वरण ओतायच्या आधीच मी सांगू शकतो की ते लोणच्यापर्यंत जाईल आणि थांबेल. गढीला स्पर्शसुद्धा करणार नाही."

त्यानं वाटी ओतली. वरण चरीतून धावलं, काठावर पसरलं, लोणच्यापर्यंत गेलं आणि खरोखर थांबलं. पंगतीत 'वा वा' झालं. नरसिंगानं शेजारच्या पाहुण्याला कोपरानं ढोसून "माझा भाऊ हाय" असं सांगितलं. व्यंकटीला सकाळपासून उपास घडला होता. टाळ्या ओसरल्यावर त्यानं आधी भाताचा ढीगच कालवून खाल्ला, आणि वरण निवांत ताटभर पसरलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. समोर बसलेला धम्मानंद मात्र त्या ताटाकडे बघत बराच वेळ घास तोंडात धरून बसला होता.

धम्मानंद हा व्यंकटीचा शाळेतला बाकसोबती. आता शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षक होता, आणि टाकळगव्हाणात नदीकाठच्या बौद्ध वस्तीत त्याचं स्लॅबचं घर होतं. वस्तीतलं स्लॅबचं घर तेवढं एकच. गाव त्याला गुरुजी म्हणे. गुणाबाई मात्र त्याला अजून 'धम्या'च म्हणायची. तो लहानपणी व्यंकटीसोबत घरी यायचा तेव्हा ती त्याला पाणी ओंजळीत वरूनच ओतायची, आणि तांब्या वर धरायची ती सवय म्हातारपणीही तिच्या हातातून गेलेली नव्हती.

आता त्या गढीबद्दल सांगायला हवं.

टाकळगव्हाणची गढी म्हणजे निजामाच्या काळातल्या देशमुखांची. देशमुखांचे वारस कधीच हैदराबादेकडे निघून गेले आणि मागं राहिला तो पांढऱ्या मातीचा एक डोंगरच म्हणायचा. आपल्याकडे सगळी जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तिच्यावर भिंत घाला की वर्षात तडा. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, घाला की घरभर गळती. त्यामुळे पांढरी माती म्हणजे सोनं. आधी बाया माळवद सारवायला पाटीनं न्यायच्या. मग बैलगाड्या लागल्या. मग ट्रॅक्टर आले, आणि शेवटी जेसीबी आणि टिप्पर. कुणी विटभट्टीला नेली, कुणी घराच्या जोत्यात घातली, कुणी तालुक्याला प्लॉटात भरावाला विकली. सरपंचाच्या भावाचा टिप्पर, ग्रामपंचायतीच्या सदस्याचा ट्रॅक्टर आणि गरिबाची पाटी, सगळे एकाच डोंगराला लागले होते. या एका कामात गावात जात, पात, पक्ष, भाऊबंदकी काही आड आलं नाही.

रस्त्याच्या बाजूचा दगडी बुरूज तेवढा राहिला. दगड फोडायला कष्ट पडतात म्हणून राहिला, पण गाव सांगायचं की वारसा म्हणून ठेवलाय. सडकेनं जाणाऱ्याला बुरूज दिसतो आणि वाटतं, वा, काय गढी आहे! बुरुजामागं गेलं की कळतं, दुधी भोपळा आतून कोरून काढावा तशी गढी कोरलेली आहे. डोंगर जाऊन तिथं खड्डा झालाय. पावसाळ्यात त्यात म्हशी बसतात.

कागदोपत्री मात्र गढी साबूत. कारण ती नाही असं लिहायचं तर कुणी नेली हेही लिहावं लागलं असतं. मग ज्याच्या त्याच्या घरावरचं माळवद मोजायची पाळी आली असती. त्यामुळे सातबाऱ्यावर गढी होती, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात गढी होती आणि आकाशातल्या त्या यानाच्या मोजणीतही गढी होती. यानानं मोजलं तेव्हा व्यंकटी कॉलेजात होता आणि गढी खरंच उभी होती. त्यानंतर यान काही पुन्हा विचारायला आलं नव्हतं.

मागच्या वर्षी व्यंकटीच्या कंपनीला नदीकाठच्या गावांचे पूरनकाशे करायचं काम मिळालं आणि टाकळगव्हाण त्याच्याच वाट्याला आलं. काम मन लावून केलं त्यानं, हे त्याच्या विरोधकांनीही कबूल करावं. तलावातलं पाणी किती, ते दलघमीमध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये काढलं. चौकोन भरले. निळा रंग नदीकाठच्या गल्लीतून वर चढत शाळेच्या माळाच्या पायथ्याशी, अगदी शाळेच्या खालच्या पायरीला टेकून थांबला. वस्ती आणि नदीकडची गल्ली सगळी निळ्यात. आणि त्या निळ्याच्या मधोमध गढीचे चौकोन कोरडे ठणठणीत. व्यंकटीनं तिथं हिरवा झेंडा लावला: 'सुरक्षित निवारा'.

नियमाप्रमाणे जागेवर जाऊन खात्री करायची असते. व्यंकटी रविवारी गेला. सडकेवर गाडी उभी केली, काच खाली घेतली, बुरूज बघितला. काळ्या दगडाचा, ऐटबाज. लहानपणी त्याच्यावरून आपण पतंग उडवायचो हे आठवून त्याचा ऊर भरून आला. काच वर केली, रकान्यात बरोबरची खूण केली आणि लोह्याला जेवायला गेला. बुरुजामागं चालत जायचं तर चिखल होता आणि बूट नवे होते.

मग ग्रामसभा झाली. समाजमंदिरात पडदा लावला, नकाशा उमटला. बाया माना उंचावून आपलं घर शोधू लागल्या. "निळा रंग म्हणजे पाणी," व्यंकटी काठीनं दाखवू लागला. "वरचा तलाव फुटला तर नदीकडच्या गल्लीला आणि वस्तीला साधारण दीड तासाचा अवधी मिळेल. तेवढ्यात नागरिकांनी इथे, गढीवर, स्थलांतरित व्हावं."

सभा चिडीचूप झाली. एरवी या सभेत गटारीच्या विषयावर डोकी फुटायची. पण 'गढी' शब्द आला तसा जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. सरपंचाला अचानक फोन आला. नरसिंग टोपी काढून तिच्या आत काही लिहिलंय का ते बघू लागला. व्यंकटीला वाटलं, माझ्या विद्येपुढं गाव स्तब्ध झालं.

धम्मानंद तेवढा उठला. "साहेब," तो म्हणाला, सगळ्यांपुढं तो व्यंकटीला साहेबच म्हणायचा. "आमच्या वस्तीच्या आणि शाळेच्या माळाच्या मधी ओढा हाय. पाऊस लागला की ओढ्याला पाणी येतंय, आन वस्ती नि नदीकडची गल्ली तुटते. ओढ्यावर छोटा पूल झाला तर लोक सरळ शाळेवर जातील. पुलाची मागणी कवाची पडून हाय. तुमच्या नकाशात तेवढं लिवा."

"पुलाची गरज नाही," व्यंकटी म्हणाला. "गढी हाकेच्या अंतरावर असताना ओढ्यावर पूल मागणं म्हणजे शासनाच्या पैशाचा अपव्यय."

"गढीवर जाऊन आलाव का तुमी?"

"रोज जातो," व्यंकटी हसला. "स्क्रीनवर."

त्याला वाटलं होतं हशा पिकेल. कुणी हसलं नाही. धम्मानंदनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि खाली बसला. त्याच्याही घराच्या जोत्यात गढीची माती होती. दोन ट्रॉल्या. चांगल्या माणसानं नेली म्हणून माती काही वेगळी होत नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. अहवालात ओळ गेली: 'नैसर्गिक उंचवटा उपलब्ध असल्याने पुलाची आवश्यकता नाही.' पुलाचा प्रस्ताव परत आला. त्यावर शिक्का मारणाऱ्यानं टाकळगव्हाण बघितलेलं नव्हतं, पण नकाशा बघितला होता.

यंदा सप्टेंबरात पाऊस कोसळला. असा की तीन दिवस कुणाला ऊन म्हणून काही असतं याची आठवण राहिली नाही. चौथ्या दिवशी दुपारी वरच्या पाझर तलावाची पाळू, म्हणजे मातीचा बांध, खचली. व्यंकटी तेव्हा नांदेडला ऑफिसात होता. टाकळगव्हाणचं नाव कानावर पडलं आणि त्याला आधी आईची आठवण झाली, पण तिच्या मागोमाग, खरं सांगायचं तर, थोडी उत्सुकताही आली. नकाशा तपासून बघायची अशी संधी सगळ्याच तज्ज्ञांना मिळत नाही. त्यानं संगणकावर टाकळगव्हाण उघडलं. निळं, हिरवं, झेंडा. मग नरसिंगला फोन लावला.

"दादा, तलाव फुटलाय. माय कुठं आहे?"

"घरीच हाय. मी शेताकडं अडकलोय रे, लोंढा मधी हाय." नरसिंगच्या आवाजात पाऊस वाजत होता. "ओढा भरलाय. वस्ती आन आपली गल्ली, कुणालाच शाळेकडं जाता येईना. धम्मानंद हाय तिथं, तो लोकायला गोळा करायलाय."

"ओढ्याकडे जाऊच नका," व्यंकटी म्हणाला. आवाज त्यानं मुद्दाम शांत ठेवला, तज्ज्ञानं ठेवावा तसा. "धम्मानंदला सांग, सगळ्यांना घेऊन गढीवर जा. मायला पण. आत्ताच्या आत्ता. माझ्या समोर आहे, गढीला पाणी लागत नाही."

पलीकडं नुसता पाऊस ऐकू आला.

"दादा? ऐकतोयस ना? गढीवर."

"व्यंका," नरसिंग म्हणाला, "कोणच्या गढीवर?"

"कोणत्या म्हणजे? आपल्या! गावात किती गढ्या आहेत?"

"एक बी न्हाई, बाबा." नरसिंगचा आवाज चिरकला. "गढी कुठं ऱ्हायली आता? पुढचा बुरूज हाय निसता, मागं खड्डा. म्हशी बुडतील एवढा. सगळी माती गेली की."

"गेली? कुठं गेली?"

"तुझ्या घराखाली हाय की!" नरसिंग ओरडला. "लोह्याचा तुझा प्लॉट खोलगट नव्हता का? भरावाला टिप्पर कुणी धाडले? तूच म्हणालास, 'दादा, चांगली पांढरी माती बघ, फुकट मिळाली तर बघ.' तिथूनच तर धाडली! तुला म्हाईत न्हाई? सगळ्या गावाला म्हाईत हाय!"

व्यंकटीनं फोन कानापासून दूर केला आणि त्याच्याकडं बघितलं. भरावाच्या दिवशी तो साइटवर उभा होता. टिप्परमागून टिप्पर येत होते आणि तो कुणाशी तरी फोनवर बोलत, हातानंच 'तिकडं, तिकडं' अशी खूण करत होता. फुकट आलेल्या मातीला गाव विचारायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान त्याला होतं. पडद्यावरचा हिरवा झेंडा अजून तिथंच होता. गढीच्या चौकोनात उंची लिहिलेली होती, आणि ती उंची लोह्यात त्याच्या हॉलमध्ये, व्हिट्रिफाइड फरशीखाली, दाबून बसवलेली होती.

तो धावला. गाडी काढली. लोह्यापर्यंत पोचला, पुढं सडक पाण्याखाली. पोलिसांनी परत फिरवलं. त्यानं कार्ड दाखवलं. पोलिसानं ते वाचलं आणि म्हणाला, "पूररेषा तज्ज्ञ हाव, तर मंग तुम्हाला तर म्हाईतच असंल पुढं पाणी हाय ते." व्यंकटी घरी आला. बायको उज्वला दारातच होती. त्याचा चेहरा बघून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्याच्या हातून तो निसटून फरशीवर पडला. पाणी सगळ्या हॉलभर गेलं आणि कुठंच थांबलं नाही, कारण भराव उत्तम झाला होता, फरशी कुठंही खचलेली नव्हती.

आईचा फोन लागत नव्हता. धम्मानंदचा लागला, तो दिवस मावळताना. आवाज तुटक येत होता. वस्तीतली आणि नदीकडच्या गल्लीतली सगळी माणसं त्यानं आपल्या घराच्या गच्चीवर चढवली होती. गुणाबाईला गल्लीतून त्यानं पाठीवर आणलं, छातीएवढ्या पाण्यातून. ती वाटभर "धम्या, सोड मला, तू जा" असं ओरडत होती आणि त्याच्या गळ्याभोवतीची मिठीही सोडत नव्हती.

"माय दे," व्यंकटी म्हणाला.

"व्यंका," गुणाबाईचा आवाज आला. थंडीनं दात वाजत होते. "मी गुरुजीच्या माळवदावर हाय. तू घाबरू नको. च्या पिले मी हितं."

गुरुजी. आणि चहा. त्या घरातला. व्यंकटीच्या डोळ्यात पाणी आलं. आणि त्याच पाण्यातून त्याच्या तोंडून, त्याला न विचारता, प्रश्न निघाला:

"माय, शाळेच्या पायरीला पाणी लागलं का?"

"हाव, खालच्या पायरीला लागलंय. तिथंच थांबलंय. कामून?"

बरोबर होतं. रेघ न् रेघ बरोबर. गल्ली, वस्ती, पायरी. क्षणभर, अगदी क्षणभर, व्यंकटीला आनंद झाला. आणि मग त्या आनंदाची इतकी शिसारी आली की त्यानं फोन उज्वलाच्या हातात देऊन टाकला.

माणसं वाचली. गच्चीपर्यंत पाणी आलं नाही. म्हशी गेल्या, शेरडं गेली, कणग्यातलं धान्य कुजलं, वस्तीतल्या मातीच्या भिंती बसल्या. गढीच्या खड्ड्यात पाणी तुडुंब भरलं आणि बुरूज मात्र त्यात ऐटीत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले आले तेव्हा त्यांनी फोटो काढला तो बुरुजाचाच. खाली लिहिलं: पुरातही अभेद्य.

पाणी ओसरल्यावर सडक मोकळी झाली, आणि एका सकाळी व्यंकटीच्या बंगल्यापुढं ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत वस्तीतली माणसं, नदीकडच्या गल्लीतली माणसं, गाठोडी, भिजलेल्या गोधड्या, एक कोंबड्यांचं डालं. चालवायला नरसिंग. मधोमध, गोधडीवर, गुणाबाई. सगळ्यात आधी धम्मानंद उतरला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला नकाशा होता, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेला तोच.

"जयभीम, साहेब," तो म्हणाला. "आलो."

"या ना, या," व्यंकटी गडबडला. "पण... एवढे सगळे?"

"नकाशात लिवलंय," धम्मानंदनं पिशवी वर धरली. "पूर आला की नागरिकांनी गढीवर स्थलांतरित व्हावं. तेव्हा जमलं न्हाई, ट्रॅक्टर मिळाला न्हाई. आज मिळाला. ही गढी हाय ना?"

ट्रॉलीत कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. ते हसणं व्यंकटीला झोंबलं. ग्रामसभेत मागितलेलं हसू आज मिळालं होतं, व्याजासकट.

बाया पायऱ्या चढून आत आल्या. फरशीवर पाय ठेवताना एकदा खाली बघायच्या, जणू ओळख पटवून घ्यायच्या. एक म्हातारी भिंतीला हात लावून म्हणाली, "माती बरी हाय की. हितं सुकी हाय." गुणाबाई हॉलच्या मधोमध बसली. सोफ्यावर बसा म्हटलं तर नको म्हणाली. "खालीच बरंय," ती म्हणाली. "लहानपणी याच मातीत खेळलेव आमी." आणि तिनं धम्मानंदला हाताला धरून शेजारी बसवलं. उज्वलानं पाणी आणलं, तर तिच्या हातून तांब्या घेऊन गुणाबाईनं तो आधी धम्मानंदच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. यासाठी एक गाव बुडावं लागलं, हे कुणी बोललं नाही.

"आता सांग," व्यंकटी धम्मानंदला म्हणाला. आवाजातलं पुणं कधीच गळून पडलं होतं. "काय करू?"

"नकाशा दुरुस्त कर. गढी न्हाई असं लिव. मंग पुलाचा कागद पुन्हा हालंल. तोवर आमी हितंच."

आता इथं खरी गोची होती. व्यंकटी लॅपटॉप उघडून बसला, पण बोटं हलेनात. गढी नाही असं लिहिलं की तहसीलचा माणूस विचारणार, गढी गेली कुठं. मग पंचनामा, नोटीस, विनापरवाना माती उचलल्याचा दंड, आणि या सगळ्यात पहिलं नाव नरसिंगचं. दुसरं त्याचं. कंपनीत कळलं तर तज्ज्ञपणाही जाणार. नरसिंग दारातच उभा राहून खुणेनंच 'नको, नको' करत होता.

"असं लिहिता येईल," व्यंकटी घसा साफ करत म्हणाला, "की गढीची कालौघात नैसर्गिक झीज झाली आहे."

"नैसर्गिक," धम्मानंद म्हणाला. "जेसीबी निसर्गातच येतंय, व्हय."

"तूही तर नेली होतीस!" व्यंकटी चिडला. "दोन ट्रॉल्या! बोलला का नाहीस सभेत?"

धम्मानंदचा चेहरा उतरला. "नेल्या," तो म्हणाला. "म्हणूनच बोललो न्हाई. सगळ्यायनी नेल्या म्हणून कुणीच बोललं न्हाई. तुझी माय त्या गप्प बसण्यात बुडत होती, व्यंका. लिव माझं बी नाव. पण लिव."

डाल्यातली कोंबडी ओरडली. गुणाबाई पोराकडं बघत होती, लहानपणी त्यानं पाटीवर चुकीचं अक्षर काढलं की बघायची तशी. तिला वाचता येत नव्हतं, पण चुकलंय एवढं तिला नेहमी कळायचं.

"लिव, व्यंका," ती म्हणाली. "नोटीस आली तर येऊ दे. मी वाचले न्हवं?"

व्यंकटीनं लिहिलं: 'टाकळगव्हाण येथील गढी जागेवर नाही. सबब ओढ्यावरील पूल तातडीने आवश्यक आहे.' धम्मानंदनं खांद्यावरून वाकून वाचलं.

"अर्धंच लिवलास," तो म्हणाला. "कुठंय तेबी लिव. उद्या परत पाणी आलं तर लोकायला पत्ता लागंल."

व्यंकटीनं नरसिंगकडं बघितलं. नरसिंगनं टोपी काढून डोकं खाजवलं, मग होकारार्थी मान हलवली आणि बाहेर ट्रॅक्टरपाशी जाऊन उभा राहिला. व्यंकटीनं माउसनं हिरवा झेंडा पकडला आणि टाकळगव्हाणावरून उचलून, नद्या-नाले, सडक, शेतं ओलांडत, लोह्यात आणला. झेंडा आपल्या घरावर सोडला. खाली ओळ टाइप केली: 'सदर गढी सध्या लोहा येथे, खालील सही करणाराच्या घराखाली आहे.' शुद्धलेखन त्याही वेळी तपासलं त्यानं, खोड जात नाही.

सहीच्या जागी 'व्ही. एस.' लिहायला बोट गेलं. पण माय समोर फरशीवर बसून बघत होती. त्यानं ते खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं, व्यंकटी शेषेराव पवळे. आतून उज्वलानं विचारलं, भात किती माणसांचा टाकू.